पन्नीतली फाइल फोनमध्ये आणताना

नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, ओपीडीसमोर सकाळी आठला उभं राहिलं की जवळपास प्रत्येकाच्या हातात एक पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, दिसते. कोणाची किराण्याच्या दुकानातली, कोणाची साडीच्या. आत जुने केसपेपर, घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट. माणूस बालाघाटहून रात्रीच्या गाडीनं आलेला असो, गडचिरोलीहून असो की आपल्याच महाल भागातला, त्याच्या आजाराची सगळी हकिकत त्या पन्नीत असते. पन्नी घरी राहिली की हकिकतही घरीच राहते.

आमच्याकडे हेच झालं. बाबांना स्टेंट टाकून दोन वर्षं झाली होती. एका रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, स्टेंट कोणत्या रक्तवाहिनीत आहे, रक्त पातळ करायची गोळी कोणती, ती कधीपासून बंद आहे? आईला गोळीचा रंग आठवत होता, नाव आठवत नव्हतं. डिस्चार्ज कार्ड मानेवाड्याच्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. मी गाडी काढून घरी गेलो, कपाट उपसलं, कागद घेऊन परत आलो. त्यात गेलेला वेळ मी अजून विसरलेलो नाही. बाबा बरे झाले. पण त्यानंतर मी घरातल्या सगळ्यांच्या आजारपणाचे कागद ‘आभा’ या सरकारी आरोग्य खात्याच्या आधारे ऑनलाइन लावायला बसलो. मग मावशीचे लावले, शेजारच्या काकांचे लावले. त्यातून जो क्रम जमला, तोच इथे देतो. सरकारी रुग्णालयात जाणाऱ्यांना आणि रामदासपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांना, दोघांनाही तो लागू पडतो.

आधी हे नेमकं आहे काय

केंद्र सरकारनं २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्याआधी वर्षभर सहा केंद्रशासित प्रदेशांत ते करून पाहिलं होतं. या मिशनमध्ये प्रत्येक माणसाला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. त्याला ‘आभा’ म्हणतात, म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. सुरुवातीला याचंच नाव ‘हेल्थ आयडी’ होतं, त्यामुळे कोणी ते नाव घेतलं तर गोंधळू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आयुष्मान कार्डाशी. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, “आभा तर काढलं बापा, मग ऑपरेशन फुकट काहून नाही झालं?” आयुष्मान कार्ड हे विम्यासारखं आहे. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वेगळं वय वंदना कार्ड मिळतं. आभावर पैसे मिळत नाहीत. आभा ही तुमचे रिपोर्ट आणि केसपेपर ओळखण्याची खूण आहे. दोन्ही काढा, पण कोणतं कशासाठी हे घरात सगळ्यांना नीट सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं जातं. तुमचे रिपोर्ट दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जमा होत नाहीत. ज्या दवाखान्यात तपासणी झाली, तिथल्याच सर्व्हरवर ते राहतात. आभाच्या आधारे ते फक्त तुमच्या नावाशी जोडले जातात आणि तुम्ही परवानगी दिली की फोनवर किंवा दुसऱ्या डॉक्टरांच्या पडद्यावर उघडतात. म्हणून नुसता नंबर काढून काहीच दिसत नाही. नंबर काढला, ॲप उघडलं, आत सगळं रिकामं पाहिलं आणि “हे काही कामाचं नाही” म्हणून सोडून दिलं, असे कितीतरी लोक मला भेटले. खरं काम नंबर काढल्यानंतर सुरू होतं.

फोन हातात घेण्याआधी कागद लावा

एक रविवार यासाठी काढा. घरातल्या सगळ्या पन्न्या जमिनीवर ओता आणि आधी माणसाप्रमाणे ढीग करा. एका ढिगात दोघांचे कागद मिसळले की पुढे कधीच निस्तरत नाही, विशेषतः सासू-सून किंवा बाप-लेक यांची नावं सारखी असली तर. मग प्रत्येक ढिगात तारखेप्रमाणे लावा, नवीन वर.

हे करताना तीन प्रकारचे कागद बाजूला काढा. पहिला, ईसीजीच्या पट्ट्या आणि लॅबमधल्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या. हा उष्णतेनं उमटणारा कागद असतो आणि उष्णतेनंच तो बिघडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवलेली ईसीजीची पट्टी दोन उन्हाळ्यांत कोरी किंवा पूर्ण काळी होते. तिचा फोटो आजच काढा, झेरॉक्सही करून ठेवा. दुसरा, शस्त्रक्रियेचे कागद: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, स्टेंट किंवा गुडघ्याचा सांधा बसवला असेल तर त्याचं स्टिकर लावलेलं कार्ड. तिसरा, ज्या तपासणीचा निकाल आयुष्यभर बदलत नाही ते रिपोर्ट.

या तिसऱ्या प्रकारावर विदर्भात जास्त बोलायला हवं. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे. मुलगी वाहक आहे की रुग्ण, हे एकदा एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीनं पक्कं ठरलं की तो निकाल कायमचा असतो. तरी कागद हरवला म्हणून शाळेत एकदा, लग्नाआधी एकदा आणि गरोदरपणात परत एकदा तीच सुई टोचली जाते. त्यातही मधल्या काळात रक्त चढवलेलं असेल तर दात्याचं रक्त मिसळल्यामुळे नवी तपासणी तीन-चार महिन्यांपर्यंत चुकीची येऊ शकते. तेव्हा जुना, रक्त चढवण्याआधीचा रिपोर्टच खरा आधार असतो. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि गावोगाव तपासण्या होत आहेत. तुमच्या घरात तो रिपोर्ट किंवा कार्ड असेल तर ढिगाच्या अगदी वर ठेवा.

आधारला कोणता मोबाइल जोडलाय ते बघा

आभा नंबर काढायचा सोपा रस्ता आधारचा आहे, आणि आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काम इथेच अडतं. दहा वर्षांपूर्वी आधार काढताना जो नंबर दिला, ते सिम केव्हाच बंद झालेलं असतं. मायआधारच्या संकेतस्थळावर जाऊन कोणता नंबर जोडलाय ते तपासता येतं. बंद झालेला निघाला तर आधार सेवा केंद्रात जाऊन बदलून घ्या. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर पोस्टात चौकशी करा. पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊन मोबाइल नंबर बदलून देण्याचं काम करतात.

याच वेळी आधारवरचं नाव, जन्मवर्ष आणि दवाखान्याच्या कागदांवरचं नाव जुळतं का तेही पाहा. आमच्या बाबांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी होती आणि दवाखान्यात वय अंदाजे सांगितलेलं, त्यामुळे दोन वर्षांचा फरक. पुढे रिपोर्ट जोडताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल यांवरूनच तुमची नोंद शोधली जाते, त्यामुळे या फरकाची किंमत तिथे मोजावी लागते.

नंबर काढणं

हे पाच मिनिटांचं काम आहे. आभा डॉट एबीडीएम डॉट जीओव्ही डॉट इन हे सरकारी संकेतस्थळ उघडा, किंवा फोनवर राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं आभा ॲप घ्या. आधारचा पर्याय निवडा, आधार क्रमांक टाका, संमतीचा मजकूर वाचून खूण करा, ओटीपी टाका. मग संपर्कासाठी मोबाइल नंबर विचारतात. हा आधारला जोडलेल्या नंबरपेक्षा वेगळा चालतो. इथे असा नंबर द्या जो पुढची दहा वर्षं टिकेल आणि ज्याचा फोन दिवसा जवळ असतो. गावाला राहणाऱ्या आजीचं खातं असेल आणि फोन नागपुरातल्या नातवाकडे असेल, तर गावच्या आरोग्य केंद्रात ओटीपी मागितला की आजी फोन लावत बसते आणि नातू असतो कॉलेजात. हे आधी ठरवून घ्या.

शेवटी आभा ॲड्रेस निवडायला सांगतात. तो ईमेलसारखा असतो, पुढे ‘ॲट एबीडीएम’ लागतं. तो पाठ होईल असाच ठेवा. १४ आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, पण नाव आणि जन्मवर्ष राहतं. कार्ड डाउनलोड करा, दोन प्रती छापा, एक फाइलमध्ये आणि एक पाकिटात.

वाहन परवान्यावरूनही नोंदणी करता येते, पण त्यात पुढे प्रत्यक्ष पडताळणी लागते. आधार असेल तर त्यानंच करा. ज्यांना ओटीपी येतच नाही त्यांच्यासाठी या योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत मदत कक्षावर बोटाच्या ठशानं किंवा चेहरा ओळखून नंबर काढून देण्याची सोय असते. लहान मुलांचं खातं आई-वडिलांना काढता येतं.

हे सगळं ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून कोणतंही रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही, आणि काढलेलं खातं नको वाटलं तर प्रोफाइलमध्ये जाऊन तात्पुरतं बंद किंवा कायमचं रद्दही करता येतं.

खिडकीवर काय बोलायचं

आता खरी लढाई. ज्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीजवळ क्यूआर कोडचा फलक लावलेला असतो, तिथे ॲपमधून तो स्कॅन करा. नाव, वय, पत्ता आपोआप जातो, फोनवर टोकन नंबर येतो आणि खिडकीवर तो सांगून केसपेपर घेता येतो. रांग कमी होते हा एक फायदा. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठा फायदा असा की नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे जातं आणि भेट थेट तुमच्या आभाशी जोडायला सोपी होते. नागपूरच्या मिहान भागातल्या एम्सला जायचं असेल तर ओआरएस डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून आधीच वेळ घेता येते. जामठा किंवा हिंगण्याच्या पलीकडून येणाऱ्यांचा त्यात एक हेलपाटा वाचतो.

क्यूआर नसेल तर केसपेपर काढताना तोंडानं सांगा: “माझा आभा नंबर आहे, तो नोंदीत टाका.” आणि लगेच विचारा: “रिपोर्ट आभाला जोडता का?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दवाखान्यांच्या तीन पायऱ्या असतात. काही दवाखान्यांचं फक्त नाव सरकारी नोंदवहीत आलेलं असतं. काहींचं सॉफ्टवेअर आभाला जोडलेलं असतं. आणि काही जण खरोखर प्रत्येक भेटीनंतर रिपोर्ट जोडतात. ॲपमध्ये दवाखान्याचं नाव सापडलं म्हणून तिसरी पायरी गाठली असं समजू नका.

मोबाइल नंबर मात्र डोळ्यात तेल घालून तपासा. बाबांना भरती केलं त्या रात्री धावपळीत मामेभाऊ काउंटरवर उभा होता. त्यांनी त्याचाच नंबर घेतला. सहा महिन्यांनी मी रिपोर्ट जोडायला गेलो तर नोंद सापडेना, आणि सापडली तेव्हा ओटीपी मामेभावाच्या फोनवर, तो पुण्यात. दवाखान्यात जाऊन नंबर बदलून घ्यायला मला दोन चकरा पडल्या. भरतीच्या कागदावर सही करण्याआधी नाव, जन्मवर्ष आणि मोबाइल या तीन ओळी वाचाच.

रिपोर्ट जोडणं

ॲपमध्ये दवाखाना किंवा लॅब शोधायचा पर्याय असतो. नाव टाका, निवडा, रेकॉर्ड शोधायला सांगा. जुना नोंदणी क्रमांक विचारला तर केसपेपरवरचा यूएचआयडी किंवा एमआरडी नंबर टाका, त्यानं नोंद लवकर सापडते. सापडलेल्या भेटी तारखेनुसार दिसतात. हव्या त्या निवडा, दवाखान्याकडे नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की जोडणी होते. त्यानंतर ते कागद फोनवर उघडण्यासाठी एकदा परवानगी द्यावी लागते.

यातून प्रिस्क्रिप्शन, तपासण्यांचे अहवाल, ओपीडीच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाच्या नोंदी येतात. दवाखान्यानं जे कॉम्प्युटरवर भरलं तेवढंच येतं. डॉक्टरांनी हातानं लिहिलेल्या २०१५ च्या केसपेपरची वाट पाहू नका, तो तुम्हालाच स्कॅन करायचा आहे.

सीटी आणि एमआरआयबद्दल एक सूचना. फोनवर येतो तो बहुतेक वेळा रेडिओलॉजिस्टनं लिहिलेला अहवाल. न्यूरोसर्जन किंवा कॅन्सरचे डॉक्टर मूळ चित्रं बघायला मागतात. एका सीटीमध्ये शेकडो चित्रं असतात आणि ती सीडीवर किंवा लिंकवर देतात. ती सीडी पन्नीत तशीच टाकू नका, ओरखडे पडतात. एखाद्या भाच्याला सांगून पेन ड्राइव्हवर पूर्ण फोल्डरच उतरवून घ्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवून दुसरं मत घ्यायला गेलं तर बहुतेक डॉक्टर मूळ चित्रंच मागतात आणि तपासणी परत करायची वेळ येऊ शकते.

परवानगीची विनंती आली की

तुम्ही नव्या डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांचं सॉफ्टवेअर जोडलेलं असेल, तर ते तुमचे जुने कागद पाहण्याची विनंती पाठवतात. फोनवर सूचना येते. त्यात कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, आणि ही परवानगी कधीपर्यंत चालेल, हे सगळं लिहिलेलं असतं.

लोक न वाचता ‘मंजूर’ दाबतात. तसं करू नका. दाताच्या डॉक्टरांना तुमच्या मनोविकाराच्या उपचारांचे किंवा गर्भपाताचे कागद दिसायची गरज नाही. तुम्हाला कागदांचे प्रकार कमी करता येतात, तारखा कमी करता येतात, मुदत आठवड्यावर आणता येते. नकार देता येतो, आणि आधी दिलेली परवानगी मागेही घेता येते. मी साधा नियम ठेवलाय: त्या दिवशी ज्या डॉक्टरांसमोर मी प्रत्यक्ष बसलोय किंवा व्हिडिओवर बोलतोय, त्यांचीच विनंती मंजूर करतो. न ओळखणाऱ्या संस्थेची आली तर नाही. घरातल्या बायकांना हे मुद्दाम शिकवा. सुनेच्या रिपोर्टची परवानगी नवऱ्यानं तिचा फोन घेऊन परस्पर देणं बरोबर नाही. खातं तिचं, निर्णय तिचा.

याच व्यवस्थेची एक मर्यादा मला रात्रीच्या त्या प्रसंगामुळे सारखी दिसते. परवानगी तुमच्या फोनवरून द्यायची आहे. माणूस बेशुद्ध असेल, फोनला पासवर्ड असेल, तर सगळे कागद व्यवस्थित जोडलेले असूनही समोरच्या डॉक्टरांना काहीच दिसणार नाही. म्हणून एक कागद हवाच.

पाकिटातलं एक पान

प्रत्येक आजारी माणसाचं एकच पान तयार करा. मोठ्या अक्षरात, मराठीत लिहा, पण औषधांची नावं डब्यावर आहेत तशी इंग्रजीतच उतरवा. त्यावर हे असावं: नाव, जन्मवर्ष, रक्तगट, आभा नंबर, घरच्या दोघांचे फोन. कोणत्या औषधाची ॲलर्जी. चालू आजार आणि ते कोणत्या वर्षापासून. आत्ता चालू असलेल्या गोळ्या, किती मिलिग्रॅम, केव्हा. झालेल्या शस्त्रक्रिया, वर्षासह. शरीरात बसवलेलं काही असेल तर ते.

सिकलसेलच्या रुग्णासाठी आणखी चार ओळी लागतात: एरवी हिमोग्लोबिन किती असतं, हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचा डोस, रक्त शेवटचं कधी चढवलं आणि आजवर किती वेळा, रक्त चढवताना कधी त्रास झाला का. रोजचं हिमोग्लोबिनच ८ असणाऱ्या मुलाला ७.५ आलं म्हणून घाईनं रक्त चढवायचं की वेदना कमी करून पाणी द्यायचं, हे ठरवताना डॉक्टरांना ही पहिली ओळ फार उपयोगी पडते. पानावर खाली तारीख टाका आणि गोळी बदलली की पान बदला. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर, एक घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून.

जुने कागद चढवणं

ढिगातले सगळेच कागद स्कॅन करायची गरज नाही. दर महिन्याच्या साखरेच्या पन्नास पावत्यांपेक्षा तीन-तीन महिन्यांचे एचबीएवनसीचे, म्हणजे सरासरी साखरेचे, आकडे एका कागदावर उतरवलेले डॉक्टरांना जास्त कामाचे. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, बायोप्सी, टूडी इको, अँजिओग्राफी, आयुष्यभराचे रिपोर्ट आणि गेल्या वर्षभराचे सगळे, एवढे पुरे.

दुपारच्या उजेडात, सावली न पडेल असा कागद ठेवून फोनच्या स्कॅनरनं पीडीएफ करा. अनेक पानांचं डिस्चार्ज कार्ड एकाच फाइलमध्ये. फाइलचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग माणूस, मग कागद: ‘२०२४-०३-१८ बाबा डिस्चार्ज’. वर्ष आधी टाकलं की फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. त्या आभा ॲपमध्ये किंवा डिजिलॉकर या कागद जपण्याच्या सरकारी ॲपमध्ये चढवता येतात. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, वाहन परवान्यासाठी बऱ्याच जणांकडे तो आधीच असतो. ज्यांना सरकारी ॲप जड जातं त्यांच्यासाठी या योजनेला जोडलेली ड्रीफकेस आणि एका केअरसारखी खासगी ॲप्सही आहेत. कुठलंही एक निवडा आणि त्यावरच राहा. दोन ठिकाणी अर्धं-अर्धं ठेवलं की गरजेच्या वेळी दोन्हीकडे शोधावं लागतं.

आणि मूळ कागद फेकू नका. विमा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, कोर्ट, या सगळ्यांना मूळ प्रत लागते.

रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी तुमच्या हातात आला तर

हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. रिपोर्ट फोनवर रात्री अकराला येऊ शकतो. बायोप्सीचा असू शकतो. मावशीचा तसाच आला होता. तिनं एकटीनं वाचला, एक इंग्रजी शब्द इंटरनेटवर शोधला आणि सकाळपर्यंत जागी राहिली. तो शब्द कॅन्सरचा नव्हता, पण ते कळायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

तेव्हा मोठ्या तपासणीचे नमुने देतानाच डॉक्टरांना विचारा, निकाल आला की तुम्हाला कधी भेटू? आणि घरात ठरवा, तो रिपोर्ट उघडताना सोबत कोण बसेल. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक किंवा लाल दिसला म्हणजे आजार, असं नसतं. ती मर्यादा लॅबप्रमाणे, वयाप्रमाणे, गरोदरपणात वेगळी असते. आकडा पाहून गोळी स्वतः कमी-जास्त करू नका. प्रश्न लिहून ठेवा आणि भेटीत विचारा.

फसवणूक

“आभा कार्ड अपडेट करा, नाहीतर बंद होईल” असा फोन आला तर ठेवून द्या. आभाला कोणतीही फी नाही आणि मुदत संपत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून ॲप टाकू नका. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, फक्त तुम्ही स्वतः खिडकीवर उभे असताना समोरच्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर तुमचं नाव दिसत असेल तर. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आभाबद्दलची शंका १४४७७ किंवा १८००-११-४४७७ या मोफत क्रमांकांवर विचारता येते. कधी दुसऱ्याचाच रिपोर्ट तुमच्या खात्यात दिसला तर तो लगेच दवाखान्याला लेखी कळवा. तुमचा रिपोर्टही तसाच दुसरीकडे गेलेला असू शकतो.

दवाखाना कागदच देत नसेल तर

बरेच छोटे दवाखाने अजून या व्यवस्थेत नाहीत. तिथे भांडू नका, कागद मागा. तो तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. यातला तीन वर्षांचा आकडा महत्त्वाचा आहे. चार वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचे कागद आज मागायला गेलात तर ते नसूही शकतात. म्हणून डिस्चार्जच्या आठवड्यातच मागून घ्या.

तोंडी मागितलं की “उद्या या” होतं. साध्या कागदावर असा अर्ज लिहा:

“मी, अमुक, आपल्या रुग्णालयात या तारखेपासून या तारखेपर्यंत भरती होतो. माझा नोंदणी क्रमांक हा आहे. माझ्या संपूर्ण केसपेपरची, तपासण्यांच्या अहवालांची, ऑपरेशन नोटची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत मला द्यावी. प्रतींचा खर्च द्यायला मी तयार आहे. शक्य असल्यास याच नोंदी माझ्या आभा क्रमांकाला जोडाव्यात.”

खाली सही, तारीख, मोबाइल. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि वेळ टाकून मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका, ७२ तास त्या वेळेपासून मोजायचे आहेत.